युरोव्हिजन तरुण वादक स्पर्धेतील ऑस्ट्रिया

यूरोपीय प्रसारण संघातर्फे सामान्यतः दर दोन वर्षांनी भरणाऱ्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धेत ऑस्ट्रियाने १९८२ पासून घेतलेला सहभाग. १९८२ ते २०२४ या काळात अशा एकूण २१ स्पर्धा झाल्या. त्यांपैकी सहा स्पर्धांत (१९८८, १९९८, २००२, २००४, २०१४ व २०२४) ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधींनी प्रथम क्रमांक मिळविला. त्याखालोखाल पोलंडला तीन, तर जर्मनी व नेदर्लंड्स यांना प्रत्येकी दोन विजय मिळाले आहेत. स्पर्धेचे यजमानपदही ऑस्ट्रियाने सर्वाधिक, म्हणजे सहा वेळा भूषविले. ऑस्ट्रियाच्या या यशाची दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. सहाही विजेते व्हायोलिनवादक आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या पाच विजेत्यांत एकाचाही जन्म ऑस्ट्रियात झालेला नाही. त्यामुळे संगीतस्पर्धेतील विजय एखाद्या देशाचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रियाचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

स्पर्धेचे स्वरूप : ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने (बीबीसी) १९७८ मध्ये ब्रिटनमधील तरुण वादकांसाठी एक स्पर्धा सुरू केली. दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणाऱ्या या स्पर्धेला प्रेक्षकांचा उत्तम प्रतिसाद मिळाला आणि तिच्याच धर्तीवर यूरोपीय पातळीवरील स्पर्धेची कल्पना पुढे आली. पहिली स्पर्धा ११ मे १९८२ रोजी मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली. तीत ऑस्ट्रिया, फ्रान्स, नॉर्वे, पश्चिम जर्मनी, ब्रिटन व स्वित्झर्लंड या सहा देशांनी भाग घेतला आणि पश्चिम जर्मनीचा पियानोवादक मार्कुस पाव्हलिक विजयी झाला. पुढे सहभागी देशांची संख्या वाढली, तेव्हा अंतिम फेरीपूर्वी उपांत्य फेरी घेण्याची पद्धत रूढ झाली. अंतिम फेरीत स्पर्धकाला पूर्ण वाद्यवृंदाच्या साथीने एखाद्या कंचेर्टोचा भाग किंवा तत्सम रचना सादर करावी लागते. परीक्षक मंडळात व्यावसायिक संगीतज्ञ असतात. स्पर्धा केवळ वादकांसाठी असून गायकांना तीत स्थान नाही.

या स्पर्धेत स्पर्धकाला पाठविते ती त्या देशाची प्रसारण संस्था, शासन नव्हे. ऑस्ट्रियाच्या बाबतीत ही जबाबदारी ‘ओआरएफ’ या सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेकडे आहे. ऑलिंपिकसारख्या क्रीडास्पर्धांत नागरिकत्वाला जे महत्त्व असते, ते येथे नाही. एखाद्या देशात संगीताचे शिक्षण घेणारा परदेशी विद्यार्थीही त्या देशाचे प्रतिनिधित्व करताना आढळतो. हा तपशील वरवर किरकोळ वाटला, तरी ऑस्ट्रियाच्या यशाचे स्वरूप समजण्यासाठी तो महत्त्वाचा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बाहेरून आलेल्या संगीतकारांना सामावून घेण्याची व्हिएन्नाची परंपरा जुनी आहे. बेथोव्हन बॉनहून, ब्राम्स हँबर्गहून, तर साल्येरी इटलीतून येऊन या शहरात स्थायिक झाले. १८१२ मध्ये व्हिएन्नात संगीतप्रेमींचे मंडळ (गेझेलशाफ्ट देर म्यूझीकफ्रॉइंडे) स्थापन झाले. या मंडळाने १८१७ मध्ये एक गायनशाळा काढली. तिचेच पुढे मोठ्या संगीतविद्यालयात रूपांतर झाले. १८१९ पासून तेथे व्हायोलिनचे अध्यापन सुरू झाले व ते काम योझेफ बोम (१७९५–१८७६) याच्याकडे सोपविण्यात आले. तो मूळचा हंगेरीतील पेस्ट येथील होता. एकोणिसाव्या शतकातील थोर व्हायोलिनवादक योझेफ योआखिम (१८३१–१९०७) हा त्याचाच शिष्य. फ्रिट्स क्राइस्लर (१८७५–१९६२) याला वयाच्या सातव्या वर्षी या विद्यालयात प्रवेश मिळाला आणि दहाव्या वर्षी त्याने तेथील सुवर्णपदक पटकाविले.

याच व्हिएन्नात याकोप डोंट (१८१५–८८) या शिक्षकाकडे लेओपोल्ट आउअर (१८४५–१९३०) हा हंगेरियन विद्यार्थी शिकला. पुढे त्याने योआखिमकडेही अध्ययन केले. १८६८ मध्ये आउअर सेंट पीटर्झबर्ग येथील संगीतविद्यालयात प्राध्यापक झाला व सुमारे अर्धशतक तेथे त्याने अध्यापन केले. याशा हायफेट्स, मीशा एल्मन, एफ्रेम झिंबालिस्ट इ. जगप्रसिद्ध वादक त्याच्या वर्गातून तयार झाले. रशियन व्हायोलिनपरंपरा म्हणून जी ओळखली जाते, तिच्या घडणीत आउअरचा वाटा फार मोठा आहे. म्हणजेच व्हिएन्नात घडलेल्या अध्यापनपरंपरेचा एक प्रवाह एकोणिसाव्या शतकातच रशियाकडे वाहत गेला होता.

सोव्हिएट राजवटीत या परंपरेला शासनाचा भक्कम आधार मिळाला. गुणी मुलांची लहान वयातच निवड करून त्यांच्यासाठी खास संगीतशाळा चालविल्या जात आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पद्धतशीर तयारी करून घेतली जाई. ब्रूसेल्स येथे १९३७ मध्ये झालेल्या ईझाई स्पर्धेत दाव्हिद ऑइस्त्राख प्रथम आला आणि पहिल्या सहांपैकी पाच पारितोषिके सोव्हिएट वादकांनी जिंकली. त्यांच्या मालिकेत खंड पडला तो केवळ द्वितीय क्रमांकावर. हा क्रमांक रिकार्डो ओड्नोपोसॉफ (१९१४–२००४) याला मिळाला. तो ब्वेनस एअरीझ येथे रशियन ज्यू कुटुंबात जन्मला होता आणि त्या वेळी व्हिएन्नाच्या ऑपेरा-वाद्यवृंदात प्रमुख व्हायोलिनवादक होता. परक्या भूमीत जन्मलेल्या वादकाने व्हिएन्नाची कीर्ती वाढविल्याचे हे उदाहरण युरोव्हिजन स्पर्धेच्या जवळजवळ अर्धशतक आधीचे आहे.

१९३८ चा आघात : मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया आपल्या राज्यात विलीन केला. त्यानंतर ज्यू संगीतज्ञांना संगीतविद्यालये, वाद्यवृंद व ऑपेरा यांतून काढून टाकण्यात आले. ओड्नोपोसॉफलाही आपले पद सोडावे लागले. १८८१ पासून व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे अग्रस्थान भूषविणारा आर्नोल्ट रोझे (१८६३–१९४६) उतारवयात लंडनला निघून गेला. आल्मा ही त्याची व्हायोलिनवादक मुलगी आउश्विट्स येथील छळछावणीत स्त्री-कैद्यांच्या वाद्यवृंदाची प्रमुख होती. १९४४ मध्ये तेथेच तिचा मृत्यू झाला. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या सात वादकांचे प्राण नाझी छळापायी गेले, त्यांपैकी पाच जण छळछावण्यांत मरण पावले. अनेक वादक व शिक्षक ब्रिटन आणि अमेरिकेत आश्रयाला गेले. संगीताच्या अध्यापनात शिक्षक गेला, की त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाते. ती पुस्तकांतून किंवा इमारतींतून पुन्हा उभी करता येत नाही. सभागृहे, विद्यालये व वाद्यवृंद शिल्लक राहूनही व्हिएन्नाच्या व्हायोलिनपरंपरेची जी हानी झाली, ती भरून निघण्यास त्यामुळेच दीर्घकाळ लागला.

महायुद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या संगीतसंस्थांची दारे परदेशी विद्यार्थ्यांना व शिक्षकांना हळूहळू खुली झाली. ओड्नोपोसॉफ १९५६ पासून व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत अध्यापन करू लागला. मुंबईत जन्मलेले झूबिन मेहता १९५४ मध्ये याच अकादमीत दाखल झाले. हान्स स्वारोव्हस्की याच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वाद्यवृंदसंचालनाचे शिक्षण घेतले आणि १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील आंतरराष्ट्रीय वाद्यवृंदसंचालक स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळविले.

व्हायोलिनच्या क्षेत्रात निर्णायक बदल घडला तो सोव्हिएट संघातून आलेल्या स्थलांतरितांमुळे. १९७० नंतरच्या दशकात सोव्हिएट संघ सोडण्याची परवानगी मिळालेली असंख्य ज्यू कुटुंबे प्रथम व्हिएन्नात येत व तेथून इझ्राएल किंवा अमेरिका गाठीत. काही कुटुंबे मात्र व्हिएन्नातच राहिली. त्याशिवाय अन्य कारणांनीही अनेक संगीतज्ञ तेथे आले. कीव्ह येथे १९४८ मध्ये जन्मलेला व मॉस्को येथील संगीतविद्यालयात शिकलेला बोरिस कुश्निर १९८१ मध्ये व्हिएन्नात आला. मॉस्को स्ट्रिंग क्वार्टेट या तंतुवाद्य-चौकडीचा तो एक संस्थापक होता. १९८२ मध्ये त्याला ऑस्ट्रियाचे नागरिकत्व मिळाले आणि १९८४ पासून तो व्हिएन्ना शहराच्या संगीतविद्यालयात शिकवू लागला. पुढे ग्रात्स येथील संगीतविद्यापीठातही त्याने अध्यापन केले. डोंट, आउअर यांच्या काळात पूर्वेकडे गेलेली विद्या अनेक पिढ्यांच्या संस्कारांनी समृद्ध होऊन जणू व्हिएन्नात परतली. ऑस्ट्रियाच्या पहिल्या चारही विजेत्यांनी कुश्निरकडे शिक्षण घेतले आहे.

ऑस्ट्रियाचे विजेते : पहिला विजेता ज्यूलियन राख्लिन हा १९७४ मध्ये लिथ्युएनियातील व्हिल्निअस येथे एका ज्यू संगीतज्ञ कुटुंबात जन्मला. १९७८ मध्ये तो आईवडिलांबरोबर व्हिएन्नात आला. ॲम्स्टरडॅम येथील कॉन्सर्टखेबाऊ या विख्यात सभागृहात १९८८ मध्ये झालेल्या स्पर्धेत तो विजयी झाला, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. या विजयानंतर रिक्कार्डो मूती याच्या संचालनाखाली त्याला व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर एकलवादनाची संधी मिळाली. या वाद्यवृंदाबरोबर एकलवादन करणारा तो तोपर्यंतचा सर्वांत लहान वादक ठरला. पुढे तो वाद्यवृंदसंचालक म्हणूनही नावारूपास आला. १९९९ पासून त्याने व्हिएन्नातील संगीतविद्यालयात अध्यापन सुरू केले. अशा रीतीने स्थलांतरित विद्यार्थी पुढच्या पिढीचा शिक्षक झाला.

दुसरी विजेती लिडिया बाइख ही १९८१ मध्ये लेनिनग्राड (सध्याचे सेंट पीटर्झबर्ग) येथे जन्मली. १९९८ मध्ये व्हिएन्नातच झालेल्या स्पर्धेत तिने प्रथम क्रमांक मिळविला. २००२ मध्ये बर्लिन येथे विजयी झालेला दालिबोर कार्वाई हा स्लोव्हाकियातील व्ह्रूट्की या गावचा (जन्म १९८५). शिक्षणासाठी तो व्हिएन्नात आला व पुढे व्हिएन्ना सिंफनी वाद्यवृंदात प्रमुख व्हायोलिनवादकाच्या पदावर त्याची नेमणूक झाली. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लूसर्न येथे आलेक्सांद्रा सूम विजयी झाली. १९८९ मध्ये मॉस्को येथे जन्मलेली ही वादक फ्रान्समधील माँपेल्ये येथे वाढली. तिचे पहिले धडे व्हायोलिनवादक वडिलांकडे झाले आणि नंतर ती कुश्निरकडे शिकण्यासाठी ऑस्ट्रियात आली. स्पर्धेच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. पुढे ती फ्रान्समध्येच स्थायिक झाली व संगीतजगतात सामान्यतः फ्रेंच व्हायोलिनवादक म्हणून ओळखली जाते. जन्म रशियात, बालपण फ्रान्समध्ये आणि विजय मात्र ऑस्ट्रियाच्या नावावर, असा हा प्रवास आहे.

पाचवा विजेता झ्यू हे हा १९९९ मध्ये चीनमधील छिंगदाव येथे जन्मला. तो व्हिएन्नात नव्हे, तर झाल्ट्सबुर्क येथील मोट्सार्टेउम या संगीतविद्यापीठात पाउल रोचेक याच्याकडे शिकत होता. २०१४ मध्ये कोलोन येथील स्पर्धेत त्याने प्रथम क्रमांक मिळविला. त्याच महिन्यात काही दिवस आधी युरोव्हिजन गीतस्पर्धेतही ऑस्ट्रिया विजयी झाला होता. हे याने २०१६ मध्ये झाल्ट्सबुर्कची मोट्सार्ट स्पर्धा व लंडन येथील मेन्यूइन स्पर्धेचा ज्येष्ठ गट या दोन्हींत प्रथम पारितोषिके मिळविली. २०२४ मध्ये नॉर्वेतील बोडो येथे लेओनहार्ट बाउमगार्टनर याने ऑस्ट्रियाला सहावा विजय मिळवून दिला.

विजेत्यांखेरीज ऑस्ट्रियाच्या अन्य प्रतिनिधींतही नामवंत कलावंत आढळतात. झाल्ट्सबुर्कचा तालवाद्यवादक मार्टिन ग्रूबिंगर हा २००० मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे अंतिम फेरीत पोहोचला होता. त्याला प्रथम क्रमांक मिळाला नाही. तथापि पुढे त्याने तालवाद्यांच्या एकलवादनाला यूरोपच्या मोठ्या सभागृहांत प्रतिष्ठा मिळवून दिली.

यजमानपद : ऑस्ट्रियात ही स्पर्धा १९९०, १९९८, २००६, २००८, २०१० व २०१२ या वर्षी भरली व या सर्व स्पर्धा व्हिएन्नात झाल्या. १९९० ची स्पर्धा म्यूझीकफेराइन या १८७० मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सभागृहात झाली. २००६ पासूनच्या चार स्पर्धा मात्र नगरभवनासमोरील विस्तीर्ण चौकात, खुल्या आकाशाखाली घेण्यात आल्या. व्हिएन्नाच्या वार्षिक कलामहोत्सवाशी त्यांची सांगड घालण्यात आली होती. बंदिस्त सभागृहातील मोजक्या श्रोत्यांऐवजी हजारो नागरिकांसमोर अभिजात संगीत नेणे, हा त्यामागील हेतू होता. त्याचबरोबर ध्वनिवर्धकांवर अवलंबून राहावे लागल्याने वादनातील सूक्ष्म छटांपेक्षा ठसठशीत परिणामाला महत्त्व येण्याचा धोकाही होता.

यजमानपदाचा लाभ ऑस्ट्रियाच्या स्पर्धकांना झाला, असे मात्र म्हणता येत नाही. स्वदेशातील सहा स्पर्धांपैकी केवळ १९९८ ची स्पर्धा ऑस्ट्रियाने जिंकली. इतर वर्षी नेदर्लंड्सचा पियानोवादक (१९९०), स्वीडनचा चेलोवादक (२००६), ग्रीसचा क्लॅरिनेटवादक (२००८), स्लोव्हीनियाची फ्लूटवादक (२०१०) व नॉर्वेचा व्हिओलावादक (२०१२) विजयी झाले. ऑस्ट्रियाचे उर्वरित पाचही विजय परदेशांत मिळविलेले आहेत.

मूल्यमापन : ऑस्ट्रियाच्या यशाची कारणे शोधताना देशांतर्गत शिक्षणव्यवस्थेकडे प्रथम लक्ष जाते. गावोगावी पसरलेल्या सार्वजनिक संगीतशाळा, ‘प्रीमा ला मूझिका’ ही १९९५ पासून चालणारी बाल व तरुण वादकांची राष्ट्रीय स्पर्धा आणि व्हिएन्ना, झाल्ट्सबुर्क व ग्रात्स येथील तीन संगीतविद्यापीठे यांमुळे संगीताला तेथे व्यापक सामाजिक पाया लाभला आहे. परंतु पहिल्या पाच विजेत्यांची चरित्रे पाहता एवढे स्पष्टीकरण अपुरे ठरते. हे वादक त्या पायातून वर आले नाहीत. कुटुंबाच्या स्थलांतरामुळे किंवा विशिष्ट शिक्षकाच्या ओढीने ते ऑस्ट्रियात आले. ऑस्ट्रियाने त्यांना दिले ते शिक्षण, आश्रय व रंगमंच. सोव्हिएट संघाने १९३७ मध्ये मिळविलेले यश हे शासनाने आखलेल्या निवडीचे व तयारीचे फळ होते. ऑस्ट्रियाच्या यशामागे अशी योजना दिसत नाही. चांगला शिक्षक आला असता त्याला जागा द्यावी आणि त्याच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला तो कोठला हे विचारू नये, एवढेच धोरण त्यामागे दिसते.

भारतीय संगीतातील घराण्यांशी याची काही अंशी तुलना करता येईल. किराणा घराण्याचे नाव उत्तर प्रदेशातील कैराना या गावावरून पडले. परंतु अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाल्यावर हे घराणे बहरले ते महाराष्ट्र व कर्नाटकात. विद्येचे नाव एका गावाचे, शिक्षक दुसऱ्या प्रदेशात आणि शिष्य तिसऱ्याच ठिकाणचे, हा प्रकार संगीताला नवा नाही. राष्ट्रांच्या नावाने चालणाऱ्या स्पर्धेत मात्र ही वस्तुस्थिती झाकली जाते आणि गुणफलकावर केवळ देशाचे नाव उरते.

स्पर्धेचा निकाल हा कलावंताच्या योग्यतेचा अंतिम निवाडा नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे. २०१० मध्ये व्हिएन्नात तृतीय क्रमांक मिळविलेला रशियन पियानोवादक दानील त्रिफोनोव्ह याने पुढच्याच वर्षी मॉस्कोची चायकॉव्हस्की स्पर्धा जिंकली व आपल्या पिढीतील अग्रगण्य पियानोवादकांत स्थान मिळविले. एका सायंकाळच्या काही मिनिटांच्या वादनावरून दिलेला निर्णय तात्कालिकच असतो. तथापि चार दशकांत सहा वेळा मिळालेले यश केवळ योगायोगाचे म्हणता येत नाही. १९३८ मध्ये व्हिएन्नाने आपले शिक्षक व वादक घालवून दिले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही गेली. १९८१ नंतर त्याच शहराने परक्या शिक्षकांना व मुलांना ठाव दिला आणि विद्या पुन्हा तेथे नांदू लागली. ऑस्ट्रियाच्या सहभागाचा हा इतिहास म्हणूनच पदकांच्या यादीपेक्षा अधिक मोलाचा आहे.